सपाट जागेची गोष्ट

संध्याकाळी मुलांच्या स्केटिंगच्या वर्गाची आणि रात्री कुणाच्या साखरपुड्याची, वाढदिवसाची किंवा कंपनीच्या मेळाव्याची, अशी दुहेरी रिंक आता पुणे-मुंबई पट्ट्यात कुणाला नवी वाटत नाही. तिच्याविषयीची तक्रारही ठरलेली आहे. खेळाची जागा भाड्याला लागली, पैशाने खेळाला बाहेर काढले, पूर्वी असे नव्हते. मुलांच्या सरावाची काळजी करणाऱ्या माणसांनी ही तक्रार केलेली असते, म्हणून तिची दखल नीट घेतली पाहिजे. परंतु तिच्यातले ‘पूर्वी असे नव्हते’ हे वाक्य इतिहासाला धरून नाही. आधी निव्वळ खेळ होता आणि नंतर समारंभ आत घुसला, असा क्रम चाकांच्या बुटांच्या इतिहासात सापडत नाही. मावळापुरते तर आणखी पुढे जाऊन म्हणता येईल की, इथे सपाट आणि कोरडी जागा इतकी थोडी आहे की ती कोणत्याही काळात एकाच कामाची राहिलेली नाही.

चाकांच्या बुटांची पहिली प्रसिद्ध हकिकत घडते ती एका मेजवानीत. जोसेफ मर्लिन नावाचा कुशल यंत्रकार १७६० मध्ये लंडनला आला. सोहोमधल्या एका मुखवट्यांच्या नाचाला तो स्वतः बनवलेले चाकांचे बूट घालून व्हायोलिन वाजवत शिरला आणि वळता किंवा थांबता न आल्याने पाचशे पौंडांहून अधिक किमतीच्या आरशावर आदळला, असे सांगतात. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १८४९ मध्ये, पॅरिसमध्ये मेयरबेअरच्या ‘ल प्रोफेत’ या ऑपेरात बर्फावर घसरणाऱ्या लोकांचा प्रवेश रंगमंचावर चाकांचे बूट घालून केला गेला आणि या बुटांचे नाव सर्वतोमुखी झाले. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मध्ये पाय झुकवला की बूट वळेल अशा चार चाकांच्या रचनेचे पेटंट घेतले, तेव्हा कुठे सामान्य माणसाला हा खेळ जमण्याजोगा झाला. तीन वर्षांनी त्याने न्यूपोर्ट गावातल्या एका हॉटेलचे जेवणघर भाड्याने घेऊन तिथे लोकांसाठी रिंक उघडली. मेजवानी, नाटक, जेवणघर हे या खेळाचे तीन टप्पे पाहिले, तर समारंभाच्याच घरात तो वाढला हे मान्य करावे लागते.

यामागचे कारण जमिनीत आहे. त्या काळी चाके लाकडाची किंवा धातूची असत. बारीक खडा आला तरी माणूस तोंडावर पडे. त्यामुळे गुळगुळीत लाकडी तक्तपोशी किंवा डांबराची एकसंध जमीन करावी लागे, आणि ती खर्चिक होती. एवढ्या खर्चाची जमीन दिवसातून तीन तास वापरून परवडत नाही. म्हणून १८७० नंतर इंग्लंडमध्ये रिंकांची लाट आली तेव्हा सोबत वाद्यवृंद आले, उपाहारगृहे आली, प्रदर्शने आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर दुसरी लाट आली आणि ओसरताच कित्येक रिंका चित्रपटगृहे झाल्या. आपल्याकडे मसुरीची प्रसिद्ध रिंक स्केटिंगबरोबर कुस्ती, मुष्टियुद्ध आणि नाटकांनाही जागा देत होती. सिमल्याची बर्फाची रिंक तर १९२० मध्ये टेनिसच्या मैदानावर पाणी गोठवून सुरू झाली. उन्हाळ्यात एक खेळ आणि हिवाळ्यात दुसरा, जमीन तीच. १९७० नंतर पॉलियुरेथेनची मऊ, चिवट चाके आली आणि साध्या काँक्रीटवरही स्केटिंग होऊ लागले. शाळेचे पटांगण, सोसायटीचे बास्केटबॉल कोर्ट ही आजची रिंक झाली, ती या चाकांमुळे. म्हणजे खेळ स्वस्त झाला, तोही दुसऱ्या कामाच्या जमिनीवर उभा राहूनच.

आता मावळ. सूर्य मावळतो ती बाजू, सह्याद्रीच्या कण्याला लगटलेली खोऱ्यांची पट्टी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. शेजारच्या पुण्यात त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. जून ते सप्टेंबर इथले उघडे मैदान म्हणजे चिखल किंवा भाताचे खाचर. अशा प्रदेशात डोक्यावर छप्पर असलेली सपाट जमीन ही पहिल्या प्रतीची संपत्ती ठरते, आणि ती किती जुनी गरज आहे हे भाजे, बेडसे आणि कार्ले इथली लेणी सांगतात. भिक्खूंनी पावसाळ्यात फिरू नये, एका जागी वर्षावास करावा, हा बौद्ध संघाचा नियम. त्या नियमाला मावळात खडक कोरूनच उत्तर द्यावे लागले. कार्ल्याचे चैत्यगृह देशातल्या शैलचैत्यांत सर्वांत मोठे मानले जाते. त्याच्या खर्चाचा हिशोब खांबांवर आणि भिंतींवर कोरलेला आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, सोपाऱ्याचे आणि धेनुकाकटाचे दाते, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे, आणि दरवाजा घडवणारा धेनुकाकटाचा सामी नावाचा सुतार. एकट्या धन्याची ही वास्तू नव्हती. बंदरांतून घाट चढून येणाऱ्या वाटेच्या बाजूला, वेगवेगळ्या धंद्यांच्या माणसांनी मिळून उभी केलेली जागा होती. त्याच चैत्याच्या तोंडाशी आज एकवीरा आईचे मंदिर आहे, आणि चैत्रातल्या यात्रेला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरून कोळी बांधव पालख्या घेऊन तिथे चढतात. दोन धर्मपरंपरा आणि दोन हजार वर्षे एका अंगणात नांदली, कारण त्या डोंगरात दुसरे अंगण नव्हते. इतक्या पवित्र जागेचा दाखला रिंकेसाठी देऊ नये, असे कुणी म्हणेल. मी देवळाची रिंकेशी बरोबरी करत नाही. इथल्या भूगोलाने माणसांना काय करायला लावले तेवढेच दाखवतो आहे.

रेल्वेचाही अनुभव असाच. प्लिम्प्टनने पेटंट घेतले त्याच १८६३ साली बोरघाटातली लोहमार्गाची चढण खुली झाली. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. पंचवीस बोगदे खोदावे लागले आणि काम ऐन भरात असताना ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. एवढे करूनही गाडीला वळायला पुरेल एवढी जागा डोंगराने एका ठिकाणी दिलीच नाही. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेने पुढे न्यावी लागे. लोणावळा-खंडाळ्याचे हवा खाण्याचे गाव झाले ते या मार्गामुळे, आणि आजची रिसॉर्टे, त्यांची सभागृहे, खेळाच्या जागा ही सगळी त्याच वाटेने वर आली.

रिंकेचे मावळातले खरे पूर्वज मात्र हॉटेलांत शोधायचे नाहीत. ते गावाच्या शिवेवर आहेत. चाक पळवण्यासाठी खास राखलेली जमीन मावळाला फार आधीपासून माहीत आहे, तिला इथे बैलगाड्याचा घाट म्हणतात. चढती, रुंद, दोन्ही बाजूंना माणसांनी भरून जाणारी धाव. पुढे घोडी, मागे गाडा, हातात घड्याळ, आणि सेकंदाच्या फरकावर ठरणारा पहिला नंबर. एका गाड्याची एक बारी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते, पण त्या बारीसाठी अख्खे गाव, पाहुणे-रावळे, मुंबईला गेलेले चाकरमाने जमतात. नाणोलीसारख्या गावचे घाट मावळाबाहेरही ओळखले जातात. हा घाट वर्षातून मोजके दिवस शर्यतीचा असतो, आणि तेही यात्रेच्या निमित्ताने, पीक निघाल्यावर, पाऊस लागण्याआधी. त्याच यात्रेत पालखी निघते, कुस्त्यांचा आखाडा भरतो, तमाशाचा फड उभा राहतो, दुकाने लागतात. यातले मुख्य काय आणि जोडीचे काय, हा प्रश्न गावाने कधी विचारलेला नाही. इंग्रजी अमदानीतली रिंक आणि मावळातला घाट यांची एकमेकांना ओळखही नव्हती. तरी दोन्हींनी एकच मार्ग धरला, याला मी योगायोग मानत नाही.

घाटाच्या अलीकडच्या इतिहासात तर या मताची कसोटीच झाली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, पण तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. बैलांना होणाऱ्या त्रासाचा आक्षेप खोटा नव्हता. शेपटी पिरगाळणे, टोचणे, मारणे हे प्रकार होत होते आणि ते बंद व्हावेत म्हणूनच परवानगीला अटी जोडाव्या लागल्या. तो प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्यावर नजर राहिलीच पाहिजे. इथे मुद्दा जमिनीचा आहे. सात वर्षांहून अधिक काळ खेळ बंद असताना, आणि मावळात गुंठ्याचे भाव चढत असताना, अनेक गावांचे घाट शाबूत राहिले. शर्यत सुरू होताच गाडे पुन्हा त्याच धावेवर आले. ती जमीन नुसती शर्यतीची असती, तर एवढ्या वर्षांत तिच्यावर प्लॉट पडले असते. ती यात्रेची होती, देवाची होती, गावाची होती, म्हणून खेळाची पाळी परत येईपर्यंत वाट पाहू शकली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप इंग्लंडमधल्या रिंकांचाच आहे. समारंभाला दार उघडले की एक दिवस समारंभ मालक होतो आणि खेळ रस्त्यावर येतो, जसे त्या रिंका चित्रपटगृहे झाल्या. हे घडले, नाकारून चालणार नाही. पण क्रम पाहावा. लोकांची हौस आधी ओसरली, रिंका रिकाम्या पडल्या, मग पडदे लागले. खेळणारे टिकून असते तर जागा इतक्या सहज गेली नसती. दुसरा आक्षेप जमिनीच्या नुकसानीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मंडपाचे खिळे, खुर्च्यांचे पाय, जनरेटरचे तेल, पंगतीचा तेलकटपणा यांतला कोणताही एक डाग दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाचे मनगट मोडू शकतो. मात्र याचा इलाज जाड आच्छादन, अनामत रक्कम आणि सकाळची तपासणी हा आहे. समारंभावर बंदी घातली तर भाडे जाईल, भाडे गेले तर छप्पर गळेल, आणि गळक्या छपराखाली लोणावळ्यात चार महिने कुणीही स्केटिंग करू शकणार नाही.

एकाच कामाच्या जागेचे मोठे उदाहरणही मावळातच उभे आहे. गहुंजेचे क्रिकेट स्टेडियम २०१२ मध्ये खुले झाले. तिथे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारताला ३३३ धावांनी हरवले आणि २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने झाले. वास्तू देखणी आहे, सामन्याच्या दिवशी द्रुतगती मार्ग तुंबतो. बाकीचे बहुतेक दिवस तिची आसने रिकामी असतात, आणि शेजारच्या गावातल्या पोराला त्या हिरवळीवर पाऊल ठेवायचे कारण मिळत नाही. एवढा खर्च क्रिकेट सोसू शकते. स्केटिंगला ते कधीच झेपणार नाही, आणि तरी या खेळाने आपल्याला कमी दिलेले नाही. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी ३,००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळवली. पुरुषांच्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे हे दोघे महाराष्ट्राचे होते.

म्हणून लोणावळा, तळेगाव आणि वडगावच्या कारभाऱ्यांना एवढीच विनंती आहे. रिंक बांधा, तिच्यावर भक्कम छप्पर घाला आणि ती लग्नाला, मेळाव्याला, व्याख्यानाला खुशाल भाड्याने द्या. फक्त भाडेकरारात पहिली ओळ अशी असू द्या की संध्याकाळचे चार ते आठ हे तास मुलांचे आहेत, आणि ते कोणत्याही रकमेला विकले जाणार नाहीत.