डेमॉस्थेनीसच्या तोंडातले खडे

पाय जपून टाका. लाइपझिशच्या गल्लीतले दगड पावसानं निसरडे झालेत. साल 1770, वसंतातली मोठी जत्रा. मालाच्या गाड्या खडखडतायत, घोड्यांच्या लिदीचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास एकदमच नाकात शिरतोय. खांदा घासून दोन ग्रीक व्यापारी जातात, भावावरून मोठमोठ्यानं बोलत. कान द्या. याच भाषेचं दोन हजार वर्षांपूर्वीचं रूप ऐकायला आपण आलोय. निकोलाय चर्चच्या शेजारची ही शाळा. जिना चढा.

वर मुख्याध्यापकांचं बिऱ्हाड. दार उघडताच चरबीच्या मेणबत्तीचा धूर डोळ्यांत झोंबतो. ग्रीक, लॅटिन, अरबी पुस्तकांमधून वाट काढत पुढे या. छापील पुस्तकावर वाकलेले ते योहान याकोब राइस्के. समोर जुनी हस्तलिखित पोथी घेऊन बसलेल्या एर्नेस्टीनबाई, त्यांच्या पत्नी. बाई वाचतात, राइस्के शब्दन् शब्द ताडून पाहतात. फरक आला की पिसाची लेखणी शाईत बुडते, कागदावर कुरकुरते. आणखी एक पाठभेद.

हा मजकूर प्राचीन अथेन्सच्या वक्त्याचा, डेमॉस्थेनीसचा. लहानपणी अडखळायचा, म्हणून तोंडात खडे धरून बोलायला शिकला, असं सांगतात. पुढे शतकानुशतकं त्याची भाषणं उतरवून घेताना कुठे अक्षर गळलं, कुठे ओळ निसटली. तो पुन्हा अडखळू लागला. हे दोघं त्याच्या तोंडातला एकेक खडा काढतायत.

‘‘इथे बोट धरा,’’ बाई म्हणतात. धरा. दहाच ओळींत मान आखडते, अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागतात. बाई मात्र थांबत नाहीत. लग्न होऊन सहा वर्षं झाली. ग्रीक त्या नवऱ्याकडूनच शिकल्या, याच कामासाठी. गळ्यात दागिना शोधू नका. त्यांचे दागिने या भाषणांच्या नव्या ग्रंथाच्या छपाईला गेले. राइस्के अचानक मान वर करतात. तुमच्या बोटाखाली एक शब्द आहे, छापील पुस्तकात तो नाही.

चला आता छापखान्यात. काजळी आणि जवसाच्या तेलाची शाई, घामाचा दर्प. चामड्याचे गोळे खिळ्यांवर थपथपतात, दांडा ओढला जातो, लाकडी यंत्र कण्हतं. कागद सोलल्यासारखा अलगद निघतो. ओला, काळ्याभोर अक्षरांचा.

तोच कागद घेऊन बिऱ्हाडी परत या. एर्नेस्टीनबाई तो मेणबत्तीपाशी धरतात, तुमची ओळ शोधतात, मोठ्यानं वाचतात. हरवलेला शब्द जागेवर आहे. वाक्य कुठेही न अडखळता शेवटापर्यंत जातं. राइस्के डोळे मिटून ऐकतात.

मग बाई पोथीचं पुढचं पान उलटतात आणि तुमच्याकडे सरकवतात. मान दुखतेय, ठाऊक आहे. तरी बोट धरा.