वाढीदिढी ते बँक खाते : भंडाऱ्यातील रोख मदतीची वाटचाल

१/ भंडारा हा धानाचा जिल्हा. येथील गरीब घरात पैसाही धानासारखाच येतो : वर्षातून एकदा, मळणीनंतर. आषाढात रोवणी सुरू होते तेव्हा कोठी रिकामी असते आणि हातात रोकड नसते. हे रिते महिने पूर्वी मालगुजार व सावकार भरून काढीत. त्या व्यवहाराचे नाव वाढीदिढी. पावसाळ्याच्या तोंडाशी एक खंडी धान न्यावे, पीक आल्यावर दीड खंडी घालावे. काही महिन्यांच्या उसनवारीवर निम्मी वाढ! रोख मदतीची कथा या रित्या महिन्यांपासूनच सांगावी लागते.

२/ दुष्काळात सरकार मदत करी, पण बहुधा खडी फोडण्याच्या मोबदल्यात. महाराष्ट्राची रोजगार हमीही श्रमावरच उभी होती. ज्याला श्रम करणेच शक्य नाही त्याचे काय? १९८० मध्ये, अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने खचलेले अशांसाठी दरमहा रोख रक्कम. १९९५ मध्ये केंद्राच्या सामाजिक साहाय्य कार्यक्रमाची तीत भर पडली.

३/ ज्याच्याकडे जमीन आहे त्याची वाट निराळी. धानाला हमीभावावर बोनस मिळे, एकेकाळी क्विंटलमागे ७०० रुपये. बाहेरचे धान केंद्रावर आणून बोनस उचलल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२२-२३ च्या हंगामापासून हिशेब क्षेत्रावर आला : हेक्टरी १५,०००, पुढील वर्षी २०,०००, मर्यादा दोन हेक्टर. गैरव्यवहाराला आळा बसावा म्हणून हे योग्यच होते. परंतु पैसा आता सातबाऱ्यावरील नावाला मिळतो. बटाईने बांधी कसणारा आणि चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणारी मजूर बाई, दोघेही त्या कागदाबाहेर.

४/ म्हणूनच जुलै २०२४ ची लाडकी बहीण योजना येथे वेगळी ठरते. निवडणुकीच्या तोंडावर ती आली, हे खरेच. तरीही २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येणे म्हणजे जमिनीशी संबंध नसलेला पैसा, तोही आषाढात. किराणा दुकानाची उधारी थोपवता येते, औषध अर्ध्यावर सोडावे लागत नाही. मुख्य म्हणजे रोवणीच्या मजुरीवर आगाऊ उचल घेऊन पडत्या दराने बांधून घेण्याची निकड कमी होते. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा योजनेत पैसे हेतुपुरस्सर आईच्या हाती दिले. विचार तोच, की घरात पैसा कोणाच्या हाती येतो यावर तो कशावर खर्च होतो हे ठरते.

५/ आता जुन्या योजनेकडे पुन्हा पाहू. निराधार अनुदान २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. मात्र सर्वसाधारण लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयेच राहिली, म्हणजे महिन्याला १,७५०. लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा तिची मर्यादा अडीच लाख होती. अन्य शासकीय योजनेतून १,५०० रुपये घेणारी स्त्री तिला अपात्र. एकाच गल्लीत दोघींना रक्कम सारखीच. फरक इतकाच, की विधवेला ती मिळवण्यासाठी आपण निराधार असल्याचे तहसील कार्यालयात सिद्ध करावे लागते, आणि पुढे दरवर्षी जिवंत असल्याचेही.