धुराची चव

तांदळाचें मद्य करणाऱ्या जपानी घराण्यांत जन्मलेले मासाताका ताकेत्सुरू १९१८ सालीं व्हिस्कीची विद्या शिकण्यासाठीं स्कॉटलंडला गेले. तेथील भट्ट्यांत राबून त्यांनीं वह्या भरून टिपणें आणलीं. पण वास घेऊन, घोट जिभेवर घोळवून पारख करण्याचें कसब वहींत कसें मावावें? १९२९ सालीं, शिंजिरो तोरिई यांच्यासाठीं यामाझाकी येथें त्यांनीं गाळलेली व्हिस्की बाजारांत आली, तेव्हां जपानी गिऱ्हाइकांनीं नाक मुरडलें. तिचा धुरकट वास त्यांना रुचेना. जाणत्या जिभेनें लोकांच्या जिभेपुढें नमावें काय? ताकेत्सुरूंनीं १९३४ सालीं थंड होक्काइदो बेटावर योइची येथें स्वतःचा कारखाना काढला. पिंपांत व्हिस्की मुरेपर्यंत सफरचंदाचा रस विकला. १९४० सालीं त्यांची व्हिस्की विक्रीस आली. ज्याला चव कळते, त्याला वाटही पाहतां आली पाहिजे.