‘नल रेफरन्स’ची कुळकथा

‘नल रेफरन्स एक्सेप्शन’ ही लाल ओळ युनिटीत खेळ रचायला शिकणाऱ्या प्रत्येकाला लवकरच भेटते. तिचे मूळ मात्र युनिटीच्या चाळीस वर्षे आधीचे, १९६५ सालचे आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर तेव्हा अल्गॉल भाषेत संदर्भ कसे असावेत हे ठरवत होते. संदर्भ म्हणजे वस्तू नव्हे, तिचा स्मृतीतला पत्ता. प्रत्येक पत्ता खरा असल्याची खात्री कंपायलरनेच करावी, असा होर यांचा हेतू होता. पण ‘नल’ हा रिकामा पत्ता अमलात आणणे इतके सोपे होते की त्यांना मोह आवरला नाही. निकलॉस विर्थ यांच्यासह आखलेल्या ‘अल्गॉल डब्ल्यू’त तो आला. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत होर यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. ही कबुली जरा जास्तच उदार आहे. लिस्पमध्ये ‘निल’ आधीपासून होतेच, आणि साखळीच्या शेवटच्या कडीला रिकामी जागा लागतेच. खरी अडचण ही की, गरज असो वा नसो, प्रत्येक संदर्भाला रिकामे राहण्याची मुभा मिळाली.

ती मुभा पुढे जावा आणि सी शार्पकडे आली, आणि सी शार्पमधून युनिटीच्या स्क्रिप्टमध्ये.

युनिटीत हा प्रश्न आणखी गुंतला. तिथे पत्ते बरेचदा कोडमध्ये लिहिले जात नाहीत, तर इन्स्पेक्टरमधल्या चौकटीत माउसने ओढून टाकले जातात. चौकट रिकामी राहिली तरी कंपायलरला ते दिसत नाही; खेळ सुरू झाल्यावरच कळते. एडिटर अशा वेळी ‘अनअसाइन्ड रेफरन्स’ म्हणत व्हेरिएबलचे नावही सांगतो. साध्या ‘नल रेफरन्स’मध्ये फक्त फाइल आणि ओळ मिळते. त्या ओळीत टिंबाच्या डावीकडे जे जे आहे, त्यातले रिकामे कोण ते शोधायचे. ‘गेटकंपोनंट’ने मागितलेला घटक त्या ऑब्जेक्टवर नसेल, किंवा ‘गेमऑब्जेक्ट डॉट फाइंड’ला दिलेल्या नावात एक अक्षर चुकले असेल, तर हाती नलच येते; निष्क्रिय ऑब्जेक्टही ‘फाइंड’ला सापडत नाही. सगळे बरोबर दिसत असेल, तर तीच स्क्रिप्ट चुकून दुसऱ्या ऑब्जेक्टला चिकटली आहे का ते पाहावे. हे कारण सर्वांत शेवटी सुचते.

‘मिसिंग रेफरन्स’ याहून वेगळा. इथे पत्ता होता, पण वस्तू ‘डिस्ट्रॉय’ झाली. युनिटीचे इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे आणि सी शार्पच्या हाती वस्तूचे फक्त कवच असते. आतली वस्तू गेली तरी कवच उरते. म्हणून युनिटीने ‘==’ हे चिन्ह स्वतःच्या पद्धतीने बदलून घेतले: नष्ट वस्तू नलशी ताडली की उत्तर ‘होय’ येते. संदर्भ नल नसेल तरच पुढे जाणारे सी शार्पचे ‘?.’ हे चिन्ह मात्र तो बदल जुमानत नाही. त्याला कवच दिसते, ते पुढे जाते आणि एरर येते. त्यामुळे युनिटीच्या ऑब्जेक्टसाठी ‘== नल’ अशी सरळ तपासणीच भरवशाची ठरते.