फिल्टर काढला की गाडी पळते : एका समजुतीचा माग

मोटारसायकलचा एअर फिल्टर काढून टाकला किंवा मोकळा केला की गाडी जास्त पळते, ही समजूत आपल्याकडच्या तरुणांच्या दोन-तीन पिढ्यांनी एकमेकांकडे सोपवली आहे. यामाहा आरएक्स 100 च्या दिवसांत तर तिला सिद्धान्ताचा मान होता. ती निव्वळ भाकडकथा असती तर तिच्यामागे लागण्याचे कारण नव्हते. पण तिच्यात अर्धे सत्य आहे, आणि उरलेला अर्धा भाग वाटेत कुठे गळाला याचा शोध मला जुनी मॅन्युअल्स आणि पार्ट्स कॅटलॉग वाचताना घ्यावासा वाटला.

आधी हवेचा हिशेब मांडतो. आरएक्स 100 चे इंजिन 98 सीसीचे आणि टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा हवा ओढणारे. त्याची 11 अश्वशक्ती मिळते ती मिनिटाला 7500 फेऱ्यांच्या आसपास. 98 ला 7500 ने गुणले की मिनिटाला 735 लिटर, म्हणजे सेकंदाला बारा लिटर हवा झाली. प्रत्यक्षात सिलिंडर दर वेळी पूर्ण भरत नाही, त्यामुळे हा आकडा कागदावरचाच. तरीही एवढी हवा फोमच्या एका तुकड्यातून जाताना अडणार हे उघड आहे. अडथळा कमी केला तर हवा वाढेल, इथपर्यंत तर्क बिनचूक आहे.

मात्र इंजिन नुसत्या हवेवर चालत नाही. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. ही सांगड कार्ब्युरेटर घालतो, आणि तोही फक्त दाबातल्या फरकाच्या जोरावर. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढले जाते. फिल्टरचा अडथळा या ओढीत थोडी भर घालत असतो, आणि कारखान्याने जेटचे माप तो अडथळा धरूनच ठरवलेले असते. फिल्टर काढला की हवा वाढते आणि पेट्रोलची ओढ कमी होते. मिश्रण दोन्ही बाजूंनी पातळ पडते.

मग शर्यतीच्या गाड्या फिल्टरशिवाय कशा धावत? समजुतीचा उगम इथेच आहे. आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत 1907 साली सुरू झाली. ब्रिटिश गाड्यांवर पुढे कित्येक वर्षे अमल कार्ब्युरेटरचे तोंड उघडेच असे. शर्यतीच्या गाडीवर त्या तोंडाला कर्ण्याच्या आकाराचा बेलमाउथ लावत, जेणेकरून हवा कडेला न अडखळता आत शिरावी. छायाचित्रांत तो चमकदार कर्णा दिसतो. दिसत नाही ते एवढेच, की त्या कर्ण्यासाठी जेट बदललेला आहे आणि ते इंजिन शर्यत संपल्यावर खोलले जाणार आहे. छायाचित्र सगळीकडे पोचले, या दोन अटी मागे राहिल्या.

फिल्टरची खरी किंमत कळली ती उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, दुसऱ्या महायुद्धात. वाळूतला क्वार्ट्झचा कण इंजिनातल्या लोखंडापेक्षा कठीण असतो. तेलात मिसळून तो पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखा फिरतो. ब्रिटिश सैन्याच्या 496 सीसी बीएसए एम 20 वर पेट्रोलच्या टाकीवरच व्होक्स कंपनीच्या फिल्टरचा डबा बसवला गेला आणि तिथून कार्ब्युरेटरपर्यंत नळी नेली. समोर जर्मनांच्या बीएमडब्ल्यू आर 75 चा फिल्टरही पुढे टाकीवर चढला. दोन शत्रूंनी एकच उपाय काढला, कारण चाकांनी उडवलेली धूळ वरती त्यातल्या त्यात कमी असते.

याच व्होक्सचा फिल्टर स्पिटफायर विमानाच्या नाकाखाली लावला, तेव्हा त्याच्या बोजड आकाराने विमानाचा वेग घटला. इजिप्तमधल्या अबुकीर येथील देखभाल केंद्राने त्याऐवजी आटोपशीर फिल्टर बनवला. विषय विमानाचा असला तरी मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. वैमानिकांचा जीव वेगावर अवलंबून होता. तरीही धूळ गाळायचीच हे गृहीत धरून तिथल्या कारागिरांनी काम केले.

शांततेच्या काळात हाच प्रश्न कॅलिफोर्नियात आला. तिथल्या वाळवंटी शर्यतींत वेगही हवा होता आणि धूळही टाळता येत नव्हती. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांच्या के अँड एन कंपनीने तारेच्या जाळीत सुती कापडाचे थर बसवून ते तेलाने भिजवलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर लोकप्रिय केला. आज आपल्या बाजारात मिळणारे शंकूच्या आकाराचे फिल्टर दिसायला या घराण्याचे असतात. गुणाने किती असतात, ते विकत घेणाऱ्याने पाहावे.

आता आपल्याकडे येऊ. एस्कॉर्ट्सने 1985 साली आरएक्स 100 आणली आणि 1996 पर्यंत ती बनत राहिली. हलकी गाडी, चटकन उसळणारे इंजिन. पोरे आधी फोम काढत, मग फिल्टरच्या डब्याला भोके पाडत. गाडीचा आवाज मोठा होई, कारण तो डबा हवा शिरतानाचा आवाजही दाबत असतो. माझ्या मते, वाढलेला म्हणून सांगितला जाणारा वेग पुष्कळदा कानांनीच मोजलेला असे. त्यातून फिल्टर उघडाच तापलेल्या इंजिनामागे लटकत असेल तर ओढली जाते ती गरम, विरळ हवा.

पातळ मिश्रणाचा फटका टू-स्ट्रोकला लवकर बसतो. आत येणारे पेट्रोल पिस्टनला थोडे थंडही करत असते. ते कमी पडले की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. गॅरेजच्या भाषेत गाडी सीझ होते. आरएक्समध्ये ऑइल निराळ्या पंपाने येते, म्हणून निदान वंगण तरी चालू राहते. येझदीसारख्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे; तिथे पेट्रोल घटले की वंगणही घटले.

जाणता मिस्त्री म्हणून फिल्टरला हात लावण्याआधी जेटचा विचार करी. मोठ्या नंबरचा मेन जेट, सुईची क्लिप एक खाच खाली, मग भरधाव फेरी मारून तिथल्या तिथे इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काजळी धरली तर जास्त, बिस्किटाचा रंग आला तर बरोबर. मुंबईत समुद्रसपाटीला जमवलेले माप सुमारे 1370 मीटरवरच्या महाबळेश्वरला काजळी धरी, कारण वर हवा विरळ. हे पुस्तकात वाचून नव्हे, गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून त्याला कळलेले असे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत असे फेरफार करू देत नाही, त्यामुळे कोणी ते बिलावर लिहिलेही नाही. या कामाचा लेखी पुरावा सापडत नाही याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. वाईट मात्र वाटते. टीटीच्या इंजिनांवर पुस्तकांची कपाटे भरली आहेत. आपल्या मिस्त्रींची नावेही उरली नाहीत.

एक पुरावा मात्र अजून हाती लागतो. मोठा जेट मिळत नसे तेव्हा काही मिस्त्री जुनाच जेट केसाएवढ्या बारीक ड्रिलने रुंदावत. जुन्या बाजारातल्या कार्ब्युरेटरमध्ये असे जेट निघतात. पितळेवर कोरलेला आकडा कारखान्याचा असतो आणि भोक त्याहून मोठे. भिंग लावले तर कडेला हाताच्या ड्रिलचे ओरखडे दिसतात. भोक किती वाढवले ते मोजून त्या गाडीचा फिल्टर कितपत मोकळा केला होता, याचा अंदाज बांधता येतो.