जीपची उंची

माहुलची खाडीकाठची चिखलवाट असो की देशावरची काळी माती, बैलगाडीला चाक थोरलेच लागे. चाकोरी खोल, आणि आस मातीत घासता कामा नये!

1945 साली ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी निघाली. त्यांतले गुलाम महंमद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल झाले, ते असो. 1948 पासून ती ‘महिंद्रा अँड महिंद्रा’. तिने विलिसची जीप इथे जोडायला घेतली. 1952 साली सामुदायिक विकास योजना आली, नि सरकारी जीप गावोगाव दिसू लागली.

या जीपच्या कमानीचे पाटे आसाखाली असत. ते आसावर चढवले की गाडी काही इंच उंचावते. मेस्त्रीलोकांची ही जुनी युक्ती. हवेची युक्ती निराळी. पाट्यांच्या जागी रबरी फुगे; पंपाने हवा भरली की गाडी उठते, सोडली की बसते. 1992 साली इंग्लंडच्या रेंज रोव्हरमध्ये ही सोय आली.

आता पाहा हं, दोन चाकांमधली आस सलग असली, तर तिच्या मधला दातेरी चक्रांचा गोळा फुग्याने तसूभरही वर जात नाही. उचलली जाते ती वरची गाडी, आणि दगड तर बहुधा गोळ्यालाच लागतो! तो उचलायचा तर चाकच मोठे हवे, बैलगाडीसारखे. शिवाय गाडी जितकी उंच, तितकी आडव्या उतारावर कलंडायची भीती अधिक.