कुळाची वही

कुत्र्यांची वंशावळ लिहून ठेवणारा 'केनेल क्लब' १८७३ साली लंडनमध्ये निघाला. कान कापलेली कुत्री प्रदर्शनातून बाद करण्याचा नियम त्यानेच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केला, हे त्याचं पुण्य. पण शुद्ध कुळाच्या हौसेपायी बाप-लेकीची, सख्ख्या भावंडांची पिल्लंही त्याच वहीत चढत राहिली. कित्येक पगना धड श्वास घेता येत नसे, तरी चपटं तोंड हीच त्यांची शोभा ठरली. २००८ साली बीबीसीने माहितीपटातून हे दाखवलं, तेव्हा केवढा गहजब झाला! २००९ मध्ये क्लबाने अशा जवळच्या नात्यातल्या पिल्लांची नोंद बंद केली.

मी जन्मभर हजेरीपट लिहिला. नाव लिहिताना मान वर करून मुलाकडेही बघावं लागतं, एवढं मला कळतं.